जुनं एक्स्चेंज बंद होईपर्यंत नफा नाही: शेवटच्या पन्नास ग्राहकांचा हिशेब

कित्तूर म्हटलं की आपल्याला राणी चन्नम्मा आठवते. टेलिफोन खात्यातल्या जुन्या माणसांना आणखी एक गोष्ट आठवते. सी-डॉटने तयार केलेलं पहिलं ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज १९८६ च्या जुलैमध्ये बसलं, ते आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या या कित्तूरमध्येच. फक्त १२८ लाइनचं. वातानुकूलित खोली नको, धूळ आणि उकाडा सोसणारं. त्याच्याच भावंडांनी पुढे देशभर खेडोपाडी फोन नेला. त्या वेळी परदेशी कंपन्यांच्या यंत्रांना कोंदट हवेत घाम फुटायचा, म्हणून या देशी डब्याचं कौतुक होतं, आणि ते योग्यच होतं.

आज चाळीस वर्षांनी प्रश्न उलटा झाला आहे. बसवलं कसं हा नाही, काढायचं कधी हा.

२७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुडा इथे पंतप्रधानांच्या हस्ते बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या ४जी जाळ्याचं उद्घाटन झालं. सत्त्याण्णव हजारांहून जास्त टॉवर, सुमारे ३७,००० कोटींचा खर्च, टीसीएस, तेजस आणि सी-डॉट यांचं तंत्र. बातम्या सगळ्या नव्या टॉवरच्या आल्या. जुन्या जाळ्याचं काय करणार, ते कधी बंद होणार, त्यातल्या ग्राहकांना कुठे नेणार, यावर फारसं कोणी बोललं नाही. माझ्या मते टेलिफोन कंपन्यांच्या नफ्या-तोट्याचं खरं उत्तर तिथेच आहे. नवीन यंत्र आणल्याने कोणी नफ्यात येत नाही. जुन्याचं वीजबिल थांबलं की येतो.

आधी बदल काय आहे ते थोडक्यात. जुन्या पद्धतीत बेळगावातून कोल्हापूरला फोन लावला की दोन्ही टोकांमध्ये एक वाट फक्त त्या दोघांसाठी राखून ठेवली जायची. एकाच प्रवाशासाठी अख्खी एसटी सोडावी तसं. दोघं गप्प बसले तरी गाडी अडकलेलीच. आयपी पद्धतीत बोलण्याचे छोटे छोटे तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता असतो आणि ते इतरांच्या व्हिडिओ, मेसेज, बँकेच्या व्यवहारांबरोबर त्याच रस्त्याने जातात. बोलणं, इंटरनेट, टीव्ही यांच्यासाठी वेगळी जाळी लागत नाहीत. एकच जाळं, एकच देखभाल, कमी जागा, कमी वीज. हे सगळं खरं आहे. पण "एकच जाळं" हा शब्द महत्त्वाचा. जुनं चालू ठेवून नवं टाकलं की जाळी दोन होतात, आणि खर्चही दोन.

कागदावर मांडलेला एक हिशेब

बी.कॉम.ला कॉस्टिंग शिकवताना सर स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांच्यातला फरक समजावत. टेलिफोन एक्स्चेंज हे स्थिर खर्चाचं इतकं चोख उदाहरण आहे की पाठ्यपुस्तकात घालावं. खाली दिलेले आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या एका एक्स्चेंजचे नाहीत.

समजा, तालुक्याच्या गावी २,००० लाइनचं एक्स्चेंज आहे. वीज, बॅटरी, डिझेल, इमारत आणि माणूस मिळून महिन्याला ६०,००० रुपये खर्च. हा खर्च ग्राहक किती यावर अवलंबून नाही. यंत्र चालू आहे म्हणजे तो आहेच. भरभराटीच्या काळात १,५०० ग्राहक होते. दर ग्राहकामागे ४० रुपये खर्च, २०० रुपये वसुली. मजा होती. मग मोबाइल आला आणि ग्राहक उरले १५०. वसुली ३०,०००, खर्च तोच ६०,०००. महिन्याला ३०,००० चा तोटा.

आता कंपनी फायबर टाकते. १५० पैकी १०० ग्राहक तिकडे जातात आणि महिन्याला ४५० रुपये देतात. स्थानिक भागीदाराचा वाटा आणि चालू खर्च धरून दर ग्राहकामागे २५० गेले तरी २०० सुटतात, म्हणजे २०,००० शिल्लक. वरच्या ऑफिसला अहवाल जातो, दोनतृतीयांश काम फत्ते. पण जुन्या एक्स्चेंजवर राहिले ५० ग्राहक. त्यांची वसुली १०,०००, खर्च अजून ६०,०००. तिथे तोटा ५०,०००. दोन्ही मिळवा. ३०,००० चा तोटा. जिथून निघालो तिथेच आलो, वर फायबर टाकायचं कर्ज डोक्यावर.

उरलेले पन्नास कोण असतात? पेन्शनर जोडपं, ज्यांना इंटरनेट नको. नंबर पाटीवर रंगवलेला आहे म्हणून तो सोडायला तयार नसलेला दुकानदार. एखादी सोसायटी, एखादी पतसंस्था, एखादं देवस्थान. यांना ४५० चा प्लॅन विकायला गेलं तर ते नाहीच म्हणणार. म्हणून कंपन्या त्यांना तसंच ठेवतात, किंवा लाइन नादुरुस्त होऊन ते आपोआप कंटाळून जातील याची वाट बघतात.

हिशेब उलट सांगतो. या ५० जणांना जुन्याच २०० रुपयांत फायबरवर घ्या. प्रत्येकामागे ५० रुपये घाटा. बोजा महिन्याला अडीच हजार. पण जुनं एक्स्चेंज त्या दिवशी बंद होतं आणि ६०,००० वाचतात. एकूण हिशेब ३०,००० च्या तोट्यातून १७,५०० च्या शिलकीत येतो. घरातलं यंत्र आणि वीज गेल्यावर चालणारी छोटी बॅटरी मिळून माणशी ३,००० फुकट दिले तरी दीड लाख होतात. महिन्याला ४७,५०० चा फरक पडत असेल तर सव्वातीन महिन्यांत ते वसूल. पहिल्या शंभरांनी जे दिलं नाही ते शेवटच्या पन्नासांनी दिलं.

यात कुठलं रॉकेट सायन्स नाही. पण जाहिरात, सवलत, सेल्स टीमचं लक्ष्य, सगळं पहिल्या शंभरांसाठी असतं. शेवटच्या पन्नासांसाठी कुठल्याच कंपनीत स्वतंत्र माणूस नेमलेला दिसत नाही.

क्रम चुकला की काय होतं

बीएसएनएलची गोष्ट पुन्हा उगाळायची गरज नाही, पण तिच्यातला क्रम बघण्यासारखा आहे. २००४-०५ मध्ये कंपनीचा नफा १०,००० कोटींच्या वर होता. २०१० मध्ये ३जी आणि ब्रॉडबँडच्या स्पेक्ट्रमसाठी १८,००० कोटींहून जास्त रक्कम मोजावी लागली. खासगी कंपन्या लिलावात आपापली सर्कल निवडत होत्या, सरकारी कंपनीला लिलावात ठरलेला भाव जवळपास देशभरासाठी द्यावा लागला. गंगाजळी आटली. २००९-१० पासून तोटा सुरू झालेलाच होता.

मग आलं २०१९. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार बीएसएनएलच्या उत्पन्नातला सुमारे ७५ टक्के भाग पगारावर जात होता. खासगी कंपन्यांत हे प्रमाण तीन ते सहा टक्क्यांच्या घरात. स्वेच्छानिवृत्ती आणली गेली आणि ३१ जानेवारी २०२० ला एका दिवसात ७८ हजारांवर माणसं बाहेर पडली. पगाराच्या आकड्यापुरता निर्णय बरोबर होता. वेळ मात्र चुकली. फायबर अजून गल्लीपर्यंत पोहोचलं नव्हतं, ग्राहक तांब्याच्या तारेवरच होते आणि कुठल्या खांबाखाली, कुठल्या खड्ड्यात कुठला जॉइंट आहे हे ज्या लाइनमनना तोंडपाठ होतं ते एकाच दिवशी घरी गेले. तक्रार नोंदवायची सोय राहिली, तक्रार दूर करणारा राहिला नाही. ग्राहक गेले, पण बीएसएनएलच्या फायबरवर नाही, दुसऱ्यांच्या. ऑगस्ट २०२२ मध्ये ट्रायच्या आकडेवारीत तारेच्या फोनमध्येही जिओ पहिल्या क्रमांकावर आली. आपलं जुनं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या नव्या दुकानात पोचवण्याचा खर्च बीएसएनएलने स्वतः केला, असंच म्हणावं लागेल.

मध्यंतरी एक अर्धा उपायही झाला. एक्स्चेंजच्या पोटातली यंत्रणा आयपीची बसवायची, पण घरापर्यंतची तांब्याची तार तीच ठेवायची. सी-डॉटच्याच जुन्या एक्स्चेंजांना असं नवं काळीज बसवलं गेलं. त्यात जुनी कार्डं वाया गेली नाहीत, हा फायदा. पण तार कुजकी ती कुजकीच राहिली. ग्राहकाच्या दृष्टीने काहीच बदललं नाही, कारण त्याचा फोन पावसाळ्यात पूर्वीसारखाच खरखरत होता.

२०१९, २०२२ आणि २०२३ अशी तीन पॅकेजं मिळाली. २०२२ चं एकटं १.६४ लाख कोटींचं. २०२४-२५ च्या तिसऱ्या तिमाहीत २६२ कोटी आणि चौथ्या तिमाहीत २८० कोटी नफा दिसला, सतरा वर्षांनी पहिल्यांदा. पेढे वाटण्याआधीच २०२५-२६ च्या पहिल्या तिमाहीत तोटा पुन्हा हजार कोटींच्या वर गेला. नव्या ४जी यंत्रणेचा घसारा आणि स्पेक्ट्रमची रक्कम हिशेबात उतरू लागली, हे त्यामागचं मोठं कारण. यात घोटाळा शोधू नये. जुन्याचा खर्च चालू आणि नव्याचा घसारा सुरू, या दोन्हींच्या मधल्या काळात ताळेबंद असाच दिसतो. हा मधला काळ किती लांबतो, हाच प्रश्न.

मोबाइलमध्ये अडथळा टॉवरचा नाही, हातातल्या फोनचा

जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली ती पूर्ण आयपीवर. तिच्याकडे बंद करायला जुनं काही नव्हतंच. म्हणून "जिओसारखं करा" हा सल्ला इतरांना फारसा कामाचा नाही. रिकाम्या प्लॉटवर घर बांधणं वेगळं आणि माणसं राहत असताना वाडा पाडून बांधणं वेगळं. पण जिओनेही एक गोष्ट ओळखली होती. लोकांच्या हातात ४जी फोन नसेल तर जाळं बिनकामाचं. २०१७ मध्ये १,५०० रुपये अनामत घेऊन तिने बटणांचा ४जी फोन बाजारात आणला, २०२३ मध्ये ९९९ रुपयांचा जिओभारत. या फोनच्या किमतीकडे विक्री म्हणून बघू नये. वरच्या हिशेबातले माणशी ३,००० रुपये होते, तोच हा खर्च.

एअरटेलने दुसरा मार्ग घेतला. तिने २०१९ ते २०२० मध्ये ३जी बंद केलं आणि २जी ठेवलं. वरवर हे उलटं वाटतं, मधलं बंद आणि सगळ्यात जुनं चालू. पण ३जी वापरणाऱ्याकडे स्मार्टफोन असतो, तो आज ना उद्या ४जीवर येतोच. २जीवाला बटणांचा फोन घेऊन बसलेला असतो, त्याला हलवायचं तर फोन बदलून द्यावा लागेल. शिवाय दुकानातली काही कार्ड मशिनं, मीटर हेही २जीच्या सिमवर चालतात. म्हणून सोपं आधी बंद केलं, मोकळा झालेला स्पेक्ट्रम ४जीला दिला आणि अवघड पुढे ढकललं. धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय. २०२५ च्या एप्रिल-जून तिमाहीत तिचा दर ग्राहकामागचा महिन्याचा महसूल २५० रुपये होता, जिओचा २०८ च्या पुढे.

ज्यांना हे जमलं नाही त्यांची नावं आता फक्त जुन्या बिलांवर आहेत. रिलायन्स कम्युनिकेशन्स सीडीएमएमधून बाहेर पडता पडता कर्जात बुडाली, २०१७ अखेर तिची मोबाइल सेवा थांबली. एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटाने मोबाइलचा धंदा एअरटेलला देऊन टाकला. व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, तरी श्वास लागलेलाच आहे.

मुकेश अंबानी यांनी २०२० मध्ये तीस कोटी लोक २जीत अडकल्याचं म्हटलं होतं. त्यांचा हेतू काय हे सांगायला नको, २जी बंद झालं तर गिऱ्हाईक कुणाकडे जाणार हे उघड आहे. पण ही माणसं "अडकलेली" आहेत की त्यांना एवढंच हवं आहे, हे कोणी विचारलं का? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं, की फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले रिचार्ज वेगळे द्या, डेटा गळ्यात मारू नका. असं सांगायची वेळ आली याचाच अर्थ तोवर बटणांच्या फोनवाला न वापरलेल्या इंटरनेटचे पैसे भरत होता. जुन्या ग्राहकाला नव्या जाळ्यावर न नेता नव्या जाळ्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करायचा, हाही नफ्याचा एक मार्ग आहे. चांगला नाही, पण आहे.

बोलण्याचे पैसे संपले

कंपन्यांना हे स्थलांतर टाळता येत नाही, याचं एक कारण दरात आहे. दुसऱ्या कंपनीचा कॉल आपल्या ग्राहकापर्यंत पोचवण्याबद्दल मिळणारा आकार २००३ मध्ये मिनिटाला ३० पैसे होता. २००९ मध्ये २०, २०१५ मध्ये १४, ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. आयपीवर आवाज पोचवायचा खर्च नगण्य, हा त्यामागचा एक मोठा युक्तिवाद. पण ज्याचं जाळं जुनं त्याचा खर्च काही नगण्य झाला नाही. उत्पन्न नव्या काळाच्या दराने आणि खर्च जुन्या काळाच्या यंत्रावर, अशी कोंडी झाली.

सीमाभागातल्या माणसाला या उतरत्या दरांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांचं माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या राज्यात. रात्री उशिराच्या पाव दरासाठी एसटीडी बूथवर रांग लावलेली पिढी अजून पन्नाशी-साठीत आहे. मार्च २००६ मध्ये देशभर एक रुपया मिनिट झाला तेव्हा त्याचं अप्रूप इथे जास्त होतं. गंमत बघा, बेळगावचा एसटीडी कोड ०८३१ आणि पणजीचा ०८३२. कोड शेजारी शेजारी, पण टेलिफोनच्या परवान्यात बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये आणि गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये. आयपीच्या जाळ्याला या रेषा दिसत नाहीत. परवाना, स्पेक्ट्रम आणि हिशेब यांना मात्र दिसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने शिफारस केली, की लँडलाइनचे नंबर तालुकावार पट्ट्यांऐवजी सर्कलवार करावेत आणि लँडलाइनवरून लँडलाइनला लावताना आधी शून्य व कोड फिरवावा. म्हणजे छोटे कप्पे जाऊन मोठा कप्पा राहील, पण तो सर्कलचाच. चंदगड आणि बेळगाव यांच्यामधली रेषा कागदावर तशीच.

खानापूरच्या जंगलपट्ट्यासारख्या भागात तर अजून प्रश्न जुन्या-नव्याचा नाही, आहे-नाहीचाच आहे. केंद्राने जुलै २०२२ मध्ये नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची ४जी योजना मंजूर केली, ती बीएसएनएलकडे आहे. अशा गावांत नफा होणार नाही हे सरकारलाही माहीत आहे, म्हणून पैसे कंपनीच्या खिशातून नाही, सार्वजनिक निधीतून येतात. हे योग्यच आहे. पण तालुक्याच्या गावातल्या शेवटच्या पन्नास ग्राहकांसाठी असा कुठलाच निधी नाही. ते ना "वंचित" या यादीत बसतात, ना "फायदेशीर" या यादीत.

ब्रिटनकडे बघितलं तर ही यादी किती महाग पडू शकते ते कळतं. तिथे जुनं टेलिफोन जाळं डिसेंबर २०२५ मध्ये पूर्ण बंद करायचं ठरलं होतं. २०२१-२२ च्या हिवाळ्यातल्या वादळांत वीज गेली आणि नव्या पद्धतीचे फोन मुके झाले. तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधूनच वीज मिळते, त्यामुळे घरात अंधार असला तरी तो फोन लागतो. फायबरच्या तारेतून वीज येत नाही. बीटीने मार्च २०२२ मध्ये काम थांबवलं. पुढे एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातली मदतीची बटणं नव्या लाइनवर चालली नाहीत, असे गंभीर प्रकार घडले आणि मुदत ३१ जानेवारी २०२७ पर्यंत ढकलावी लागली. तेरा महिने दोन्ही जाळी जास्त चालवायची. आधीच बॅटऱ्या वाटल्या असत्या तर स्वस्त पडलं असतं.

आपल्याकडे वीज जाणं ही वादळाची बातमी नसते, मंगळवारची असते. तरी फायबर जोडून देताना बॅटरीचा विषय क्वचितच निघतो. ज्यांच्या घरी अजून तांब्याच्या तारेचा फोन आहे आणि तो सोडायचा नाही, त्यांनी फायबरवर जाताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. तोच नंबर राहणार का, बीएसएनएलमध्ये तशी सोय आहे. फक्त फोनपुरता कमी दराचा प्लॅन मिळणार का. आणि वीज गेल्यावर यंत्र किती तास चालणार, बॅटरी कोण देणार. जुनं एक्स्चेंज बंद होण्याची तारीख जवळ असेल तर या तिन्हींवर घासाघीस करायला जागा आहे. तुम्ही शेवटच्या पन्नासांतले असलात तर तुमच्या एका होकारावर ६०,००० रुपयांचं बिल थांबणार आहे.